हेल्पर, ऑपरेटर, प्रशिक्षक: क्रेनच्या कामातला मार्ग

मुंबई आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात मेट्रोचे गर्डर, उंच इमारतींचे मजले आणि न्हावा-शेव्याच्या बंदरातले कंटेनर या सगळ्यांचा वेग अखेर क्रेनच्या हुकावर ठरतो, आणि तरीही क्रेन चालवण्याचा धंदा आपल्याकडे बहुतांशी ऐकून-बघून शिकला जातो. मुलगा हेल्पर म्हणून लागतो, उस्तादाशेजारी उभा राहून पाहतो, जेवणाच्या सुट्टीत लिव्हर हातात घेतो आणि वर्ष-दोन वर्षांत दुसऱ्या साइटवर स्वतःच ऑपरेटर म्हणून उभा राहतो. या वाटेने हात उत्तम बसतो, याबद्दल वाद नाही. मात्र याच वाटेने आलेल्या दहा वर्षांच्या अनुभवी माणसासमोर भार-तक्ता (कोणत्या स्थितीत क्रेन किती उचलू शकते याचा तक्ता) ठेवला आणि 'या त्रिज्येला किती उचलशील' असे विचारले की तो पुष्कळदा अंदाजाने उत्तर देतो. हा लेख त्या अंदाजाच्या जागी हिशोब आणण्यासाठी आहे. ज्याला ऑपरेटर व्हायचे आहे त्याच्यासाठी तो आहेच, आणि पुढे जाऊन इतरांना शिकवायचे आहे त्याच्यासाठी अधिक आहे.

कोणती क्रेन, हे आधी ठरवा

क्रेन हा एकच धंदा नाही. साइटवर सर्वांत जास्त दिसणारी हायड्रा ही माल उचलून चालणारी क्रेन आहे. ती मिळते सहज, शिकता येते लवकर, आणि म्हणूनच तिच्यावर अर्धवट शिकलेले लोक जास्त सापडतात. तिचे पुढचे आणि मागचे अंग मधल्या सांध्यावर वळते, त्यामुळे सरळ उभी असताना ती जितका भार पेलते तितका वळलेल्या स्थितीत पेलत नाही, आणि जुन्या बनावटीत बूम (क्रेनचा लांब हात) ऑपरेटरच्या नजरेआड माणूस लपवतो. अनेक मोठ्या कंपन्यांनी आपल्या साइटवर जुन्या बनावटीच्या हायड्रा बंद करून पुढे केबिन असलेल्या क्रेन मागवायला सुरुवात केली, त्यामागे हेच कारण आहे.

टायरवरची टेलिस्कोपिक क्रेन, जाळीदार बूमची क्रॉलर क्रेन, टॉवर क्रेन, कारखान्याच्या छताखालून फिरणारी ईओटी आणि बंदरातल्या कंटेनर क्रेन यांपैकी प्रत्येकीची शिकवणी वेगळी असते. ईओटीवर नोकरी स्थिर असते, पावसा-वाऱ्याचा प्रश्न येत नाही, पण कामाचा पल्ला मर्यादित राहतो. टॉवर क्रेनवर एकदा वर चढले की पूर्ण पाळी तिथेच काढावी लागते. ज्याला उंचीवर एकटेपणा सोसत नाही त्याने तो विषय सोडलेला बरा. बंदरातले काम हळूहळू केबिनमधून नियंत्रण कक्षाकडे सरकत आहे. केरळच्या विझिंजम बंदरात स्थानिक महिला अशा कक्षात बसून यार्डातल्या क्रेन चालवतात, आणि या क्षेत्रात मुलींनी यावे की नाही या चर्चेला त्याने चांगले उत्तर मिळाले आहे.

पुलांचे गर्डर बसवणारी गॅन्ट्री मात्र क्रेन ऑपरेटरने 'हीही तशीच असेल' म्हणून हाती घेऊ नये. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरळांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना अशी गॅन्ट्री कोसळली आणि २० जणांचे प्राण गेले. त्या यंत्राचे शिक्षण आणि त्याची माणसे वेगळीच असावी लागतात.

वय, प्रकृती आणि कागद

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा आणि त्याखालचे १९९८ चे केंद्रीय नियम होते; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. १९९८ च्या त्या नियमांनुसार भार उचलणारे यंत्र चालवणारा माणूस १८ वर्षांवरील, सक्षम व भरवशाचा आणि त्या यंत्राचे धोके जाणणारा असावा लागतो, आणि त्याची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. या तपासणीत दृष्टी, रंगांची ओळख, खोलीचा अंदाज आणि ऐकू येणे या चार गोष्टी मनापासून तपासून घ्या. मधुमेह किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर तो लपवू नका. तीस मजल्यांच्या उंचीवर साखर उतरली तर मदत पोहोचायलाच वेळ लागतो.

रस्त्यावरून जाणाऱ्या क्रेनसाठी जड वाहनाचा परवाना आणि त्यावर क्रेनची नोंद असली की नोकरीच्या वेळी अडत नाही. प्रमाणपत्रासाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल ही या क्षेत्राची कौशल्य परिषद आहे. तिच्या मान्यताप्राप्त केंद्रांतून नवशिक्यांना पूर्ण अभ्यासक्रम करता येतो, आणि वर्षानुवर्षे मशीन चालवूनही कागद नसलेल्या माणसाला पूर्वानुभवाच्या मान्यतेच्या योजनेतून परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवता येते. दहावी पूर्ण करा, असे मी प्रत्येक हेल्परला सांगतो. तक्ता वाचायला दहावीचे गणित पुरते, आणि पुढे पासपोर्टच्या वेळीही दहावीचा दाखला कामी येतो.

लिव्हरच्या आधी हुकाखाली काम करा

ऑपरेटर व्हायचे असेल तर पहिले वर्ष रिगर (माल बांधणारा) आणि सिग्नलमन (ऑपरेटरला इशारे देणारा) म्हणून काढावे, असे माझे ठाम मत आहे. माल बांधणाऱ्याचे हात ज्याने स्वतः वापरले त्याला केबिनमधून माल नुसता पाहूनही बांधणी सैल आहे की चुकीच्या जागी आहे हे कळते. साइटवर अजूनही 'हबेस' म्हटले की हुक वर आणि 'आरिया' म्हटले की खाली, ही खलाशांची भाषा चालते. तुमच्या टोळीत ती चालत असेल तर ती शिका, आणि त्याबरोबर प्रमाणित हातखुणाही पक्क्या करा, कारण बिहार, बंगाल, आंध्र आणि विदर्भ अशा चार ठिकाणची माणसे एका साइटवर असतात तेव्हा आवाज दगा देतो, हात देत नाही.

स्लिंगच्या (माल हुकाला अडकवणाऱ्या दोराच्या किंवा पट्ट्याच्या) कोनाचा हिशोब याच वर्षात पाठ व्हायला हवा. १० टनांचा माल दोन पायांच्या स्लिंगने उचलला तर प्रत्येक पायावर ५ टन येतात, असे वाटते. पण ते दोन्ही पाय उभे सरळ असतील तरच खरे आहे. स्लिंगने आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन केला तर प्रत्येक पायावर साधारण ५.८ टन येतात, ४५ अंशांना ७.१ टन, आणि ३० अंशांना पूर्ण १० टन. म्हणजे स्लिंग आखूड निघाली म्हणून 'चालेल' म्हणत पसरट बांधली की प्रत्येक पायावर दुप्पट भार पडतो. ३० अंशांखाली तर कधीच जाऊ नये; लांब स्लिंग मागवावी किंवा स्प्रेडर बीम (स्लिंगचे पाय सरळ ठेवणारा आडवा दांडा) लावावा.

तारेचा दोर तपासताना दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या १० टक्क्यांहून अधिक असतील तर तो दोर बाद करायचा, हा जुना आणि मान्य नियम आहे. निर्मात्याचे निकष त्याहून कडक असतील तर ते पाळायचे. हातमोजा घालून दोरावरून कापडाचा तुकडा फिरवला की तो जिथे अडकतो तिथे तार तुटलेली असते. उघड्या हाताने हे कोणी करू नये.

भार-तक्ता: सगळे शिक्षण इथे आहे

'५० टनांची क्रेन' या शब्दांनी जितके अपघात घडवले आहेत तितके क्वचित दुसऱ्या कशाने घडवले असतील. ५० टन हा आकडा बूम अगदी आखूड असताना, मशीनच्या जवळजवळ पायाशी, साधारण ३ मीटर त्रिज्येलाच खरा असतो. त्रिज्या म्हणजे क्रेन ज्या मध्यबिंदूभोवती फिरते तिथपासून हुकाच्या लंबरेषेपर्यंतचे आडवे अंतर. ते टायरपासून किंवा जॅकपासून (क्रेन स्थिर ठेवायला बाजूंना काढलेल्या पायांपासून) मोजलेले असेल तर हिशोब पहिल्याच पावलाला चुकला.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. पाइलचा (जमिनीत खोलवर ओतायच्या काँक्रीटच्या खांबाचा) ८.५ टनांचा सळयांचा पिंजरा उचलायचा आहे. हुक-ब्लॉक ४५० किलोचा आहे, आणि स्लिंग, शॅकल (जोडकडी) व स्प्रेडर मिळून ६०० किलो होतात. क्रेनच्या दृष्टीने एकूण भार ९.५५ टन झाला, कारण बहुतेक तक्त्यांत हुकापासून खाली लटकणारे सगळे वजन भारातच धरायचे असते. समजा तक्त्यात तुमच्या बूमच्या लांबीला १० मीटर त्रिज्येवर १२ टन आणि १२ मीटर त्रिज्येवर ९.२ टन लिहिले आहे. १० मीटरवर तुम्ही क्षमतेच्या जवळपास ८० टक्के वापरत आहात. अनेक कंपन्या ७५ टक्क्यांपुढची उचल 'क्रिटिकल लिफ्ट' धरतात आणि तिला लेखी लिफ्टिंग प्लॅन व वरिष्ठाची सही मागतात. १२ मीटरवर तर ही उचल होतच नाही.

आता साइटवर काय होते ते पाहा. सकाळी मोजलेली त्रिज्या १० मीटर होती, पण दुपारी शेजारी खोदलेल्या चरामुळे क्रेन दीड मीटर मागे लावावी लागली. भार उचलल्यावर बूम वाकून हुक आणखी थोडा पुढे सरकला. पिंजरा पाइलच्या तोंडावर नेताना ऑपरेटरने बूम जरा खाली घेतली. यातली एकही गोष्ट एकट्याने भयंकर नाही, पण तिघींनी मिळून मशीन १२ मीटरच्या रकान्यात नेऊन ठेवली. म्हणून उचल सुरू होते तिथली त्रिज्या पुरत नाही. उचलीच्या वाटेवरची सर्वांत मोठी त्रिज्या मोजायची आणि हिशोब तिच्यावर करायचा. भार जमिनीपासून वीतभर उचलून थांबणे, बूमचा वाक आणि जॅक बसतात का हे पाहणे, एसएलआयच्या (भार व त्रिज्या दाखवून जास्त भाराला अलार्म देणाऱ्या यंत्रणेच्या) पडद्यावरची त्रिज्या आपल्या मोजलेल्या त्रिज्येशी ताडणे आणि मगच पुढे जाणे, हे प्रत्येक उचलीला करायचे, मग ती दिवसातली चाळिसावी का असेना.

तक्त्यातल्या तळटिपा वाचण्याची सवय लावा. जॅक पूर्ण बाहेर काढलेले आहेत की अर्धे, काउंटरवेट (मागच्या बाजूचे तोलाचे वजन) किती बसवलेले आहे, बूम बाजूला आहे की मागच्या अंगाला, दोराचे फेरे किती ओढलेले आहेत, यातले एक जरी बदलले तरी रकाना बदलतो. एसएलआयमध्ये चुकीची स्थिती भरली असेल तर तो पडदा चुकीचाच आकडा आत्मविश्वासाने दाखवत राहतो.

क्रेन उलटते ती पुष्कळदा जमिनीमुळे

वरच्याच क्रेनचे वजन ४० टन आणि भार १० टन धरला तर एकूण ५० टन झाले. बूम एका जॅकच्या डोक्यावर आली की त्या एका जॅकवर यातला तीन-चतुर्थांशपर्यंत, म्हणजे ३७.५ टन भार येऊ शकतो. जॅकचे पायताण अर्धा मीटर बाय अर्धा मीटर असेल तर जमिनीवर दर चौरस मीटरला १५० टनांचा दाब पडतो. त्याच पायताणाखाली दीड मीटर बाय दीड मीटरची भक्कम मॅट दिली तर तो १७ टनांच्या आत येतो. चांगला दाबलेला मुरूम हे सोसेल. काळी माती पाऊस पिऊन मऊ झाली असेल, किंवा खाली नुकताच बुजवलेला पाण्याच्या लाइनचा चर असेल, तर तेही सोसणार नाही. त्यामुळे जॅक टेकवण्यापूर्वी सुपरवायझरला दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: इथे खाली काय गेले आहे, आणि हे भरलेले आहे की मुळातले? स्लीपरचे दोन तुकडे आडवे-उभे टाकून झालेली मॅट ही मॅट नव्हे, कारण भार एकाच तुकड्याच्या कडेवर येतो.

रोजची तपासणी आणि बायपासची चावी

पाळी सुरू होताना तेल, गळती, ब्रेक, टायर, दोर, हुकाची कुंडी, सगळे लिमिट स्विच आणि एसएलआय बघायचे आणि लॉगबुकात लिहायचे, हे सर्वांना माहीत असते. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ ने (या अधिनियमाचीही जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच संहितेने घेतली) घालून दिलेली वार्षिक सखोल तपासणी आणि बांधकाम व गोदीच्या नियमांतली पाच वर्षांनी एकदा होणारी भार-चाचणी यांची प्रमाणपत्रे केबिनमध्ये असायला हवीत, आणि त्यांवरचा मशीनचा क्रमांक तुमच्याच मशीनचा आहे हे स्वतः पाहायला हवे. भाड्याच्या मशीनवर दुसऱ्याच क्रेनचा कागद लावलेला सापडणे हे अजिबात दुर्मीळ नाही.

भार-चाचणी ही नेहमीची उचल समजू नये. २० टनांपर्यंतच्या क्षमतेच्या यंत्राला चाचणीत क्षमतेपेक्षा २५ टक्के जास्त भार लावतात, म्हणजे १६ टनांच्या क्रेनला २० टन. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी गोदीत अशाच चाचणीच्या वेळी क्रेन कोसळून ११ जण गेले. चाचणीच्या वेळी क्रेनवर आणि तिच्या आसपास गरजेपुरतीच माणसे ठेवावीत.

एसएलआयला गप्प करणारी बायपास चावी हा या धंद्यातला सर्वांत जुना रोग आहे. ती दुरुस्तीसाठी आणि बूम गुंडाळण्यासाठी असते, पण काही साइटवर ती कायम लावून ठेवलेली आढळते, कारण अलार्म वाजला की काम थांबते. चावी स्टोअरमध्ये कुलूपबंद असावी आणि प्रत्येक वापराची सहीनिशी नोंद व्हावी, अशी मागणी तुम्ही रुजू होतानाच करा. नंतर ती करणे अवघड जाते.

वारा

टॉवर क्रेनचे अनेक निर्माते काम थांबवण्याची मर्यादा ताशी ७२ किलोमीटर देतात. मोबाइल क्रेनला ती पुष्कळ कमी असते आणि शटरिंगच्या पॅनलसारखा पसरट माल असेल तर त्याहूनही खाली आणावी लागते. काम संपल्यावर टॉवर क्रेनचा फिरता ब्रेक सोडून जिब (तिचा आडवा हात) वाऱ्याच्या दिशेने मोकळा फिरू द्यायचा असतो, आणि क्रॉलरची लांब बूम निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे खाली घ्यायची असते. ११ सप्टेंबर २०१५ रोजी मक्केच्या मोठ्या मशिदीत क्रॉलर क्रेन वादळी वाऱ्याने कोसळून शंभरावर भाविक गेले, तेव्हा क्रेन काम करत नव्हती. ती बूम वर ठेवून उभी होती. कोकणपट्टीवर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून ही गोष्ट रोजच्या टूलबॉक्स चर्चेत हवी.

'नाही' म्हणण्याची रीत

ऑपरेटरवर दबाव येतो तो काँक्रीटची गाडी उभी असताना, रात्री वाहतूक थांबवून मिळालेला ब्लॉक संपत आला असताना. अशा वेळी नुसते 'होणार नाही' म्हटले तर भांडण होते. तक्ता काढावा, त्रिज्या दाखवावी, आकडा बोटाने दाखवावा आणि पर्याय द्यावा: 'साहेब, इथून ९.२ टनच होतात, माल ९.५५ आहे, क्रेन तीन मीटर पुढे घ्यायला जागा करून द्या किंवा पिंजरा दोन तुकड्यांत करा.' आकडा समोर आला की बहुतेक इंजिनिअर ऐकतात. नाही ऐकले तर लॉगबुकात वेळ टाकून लिहावे आणि माल खाली ठेवावा. 'थांब' हा इशारा मात्र साइटवरच्या कोणीही द्यावा आणि ऑपरेटरने तो कोणाचाही मानावा; बाकी सगळे इशारे एकाच सिग्नलमनचे.

परदेशी जायचे असेल तर

आखाती देशांतल्या मोठ्या प्रकल्पांवर आपल्याकडचा अनुभव धरला जातो, पण तिथल्या मान्य त्रयस्थ संस्थेची परीक्षा पुन्हा द्यावी लागते, आणि ती यंत्राच्या प्रकारानुसार व क्षमतेनुसार असते. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट येते. नोंदणीकृत भरती एजंटकडूनच जावे. त्याला कायद्याने ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि पावती मागणे हा तुमचा हक्क आहे.

शिकवणारा होताना

चांगला ऑपरेटर आपोआप चांगला प्रशिक्षक होत नाही. त्याचे हात जे करतात ते त्याला शब्दांत सांगता येत नाही, कारण ते करताना तो विचार करायचे कधीच थांबलेला असतो. म्हणून पहिला सराव स्वतःचा: मशीन चालवताना मोठ्याने बोलत जा. 'आता भार मागे राहिला, म्हणून मी बूम थांबवून त्याला येऊ देतो आहे' असे प्रत्येक हालचालीला सांगता आले की शिकवायला सुरुवात करता येते. नंतर कौशल्य परिषदेचा प्रशिक्षकांसाठीचा अभ्यासक्रम करावा. त्यातून धडा आखणे आणि मूल्यमापन करणे शिकता येते, आणि प्रशिक्षण केंद्रांत नोकरीसाठी तो कागद विचारला जातो.

शिकवण्याचा माझा क्रम असा आहे. पहिले काही दिवस मशीन बंदच ठेवायची. विद्यार्थ्यांना टेप देऊन त्रिज्या मोजायला लावायची, तक्त्यावर वीस-पंचवीस उदाहरणे सोडवून घ्यायची, आणि मालाचे वजन अंदाजायला शिकवायचे: पोलादाचा घनमीटर ७.८५ टन, काँक्रीटचा साधारण २.४ टन, सळईचे मीटरला किलोतले वजन म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. ज्याला हे येते तो चलनावर लिहिलेल्या वजनाला प्रश्न विचारू शकतो. यानंतर सिम्युलेटर असेल तर सिम्युलेटर, नसेल तर रिकाम्या यार्डात रिकामा हुक.

झोका आवरणे हा पहिला खरा धडा. काठोकाठ पाण्याने भरलेले पिंप हुकाला लावायचे आणि वाटेत पिंपांच्या रांगा ठेवून त्यांतून ते न सांडता न्यायचे. २० मीटर दोरावर लटकणारा भार एक पूर्ण झोका सुमारे ९ सेकंदांत घेतो, १० मीटरवर सव्वासहा सेकंदांत; हे घड्याळाने मोजून दाखवले की विद्यार्थ्याला कळते की दोर लांब असताना घाई का चालत नाही. भार झोक्याच्या टोकाला पोहोचतो त्या क्षणी बूमचे टोक त्याच्या डोक्यावर न्यायचे, मागे ओढायचे नाही. मागे ओढणारा विद्यार्थी झोका दुप्पट करतो, आणि त्याला ते दोन-तीनदा करू द्यावे, कारण सांगण्यापेक्षा सांडलेले पाणी लवकर शिकवते.

पुढचा धडा नजरेआडच्या उचलीचा. केबिनच्या काचेवर कागद लावून फक्त वॉकीटॉकीवर माल उतरवायला लावायचा. सिग्नलमनने सतत बोलत राहायचे, 'खाली, खाली, खाली, दोन मीटर, एक मीटर, थांब', आणि आवाज मध्येच तुटला तर ऑपरेटरने ताबडतोब थांबायचे. मी मुद्दाम मधेच संच बंद करतो. जो दोन सेकंदांत थांबत नाही त्याला तो धडा पुन्हा घ्यावा लागतो, त्याचा हात कितीही सफाईदार असला तरी.

दबावाचाही धडा असावा. विद्यार्थ्याला तक्त्यात न बसणारी उचल द्यायची आणि मोठ्या आवाजाच्या माणसाला इंजिनिअर म्हणून उभे करायचे. तो तक्ता उघडतो की लिव्हरकडे हात नेतो, ते लिहून ठेवायचे. अनुभवी ऑपरेटर या चाचणीत नवख्यांपेक्षा जास्त नापास होतात, हे मी वारंवार पाहिले आहे, आणि त्यांना शिकवताना मान राखूनच शिकवावे लागते. वयाने मोठ्या उस्तादाला इतरांसमोर दुरुस्त करू नये. बाजूला नेऊन तक्ता समोर ठेवावा आणि त्याच्याकडूनच हिशोब करून घ्यावा. एकदा त्याला तो पटला की पुढच्या तुकडीला तोच तुमच्यापेक्षा जास्त ठामपणे सांगतो.

मूल्यमापनात गुणांची बेरीज करू नये. झोका, हिशोब, इशारे, तपासणी आणि नकार यांपैकी एकातही तो कच्चा असेल तर उरलेल्या चारांनी ते भरून निघत नाही. प्रमाणपत्रावर यंत्राचा प्रकार, क्षमता आणि जोडणी स्पष्ट लिहा: '२५ टनांपर्यंतची टेलिस्कोपिक, मुख्य बूम, फ्लाय जिबशिवाय' असे लिहिलेला कागद नुसत्या 'क्रेन ऑपरेटर' या शब्दांपेक्षा त्या माणसाचे आणि साइटचे जास्त रक्षण करतो. साइटवर गेल्यावर पहिले काही आठवडे त्याने अनुभवी ऑपरेटरच्या देखरेखीखालीच चालवावे, आणि तीन महिन्यांनी तुम्ही स्वतः जाऊन, न कळवता, त्याची एक नेहमीची उचल पाहावी. लॉगबुक आणि बायपासची चावी कुठे आहे, हे तेव्हा आधी बघावे.